शाकव्रतातला पुदिना

काळजी करायला धारवाडच्या मळमड्डीतल्या वेणूबाईंना कारण लागत नसे. यजमान पाच मिनिटं उशिरा आले की त्या फाटकापाशी येऊन उभ्या. दूध उतू गेलं की कुणाचं तरी काहीतरी बिनसलं असणार. मुंबईच्या मुलाचं पत्र आलं नाही तर काळजी होतीच, पण वेळेवर आलं तर हा एवढा वेळेवर कसा लिहायला लागला, म्हणून जास्त काळजी. "मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण हिच्याकडं बघूनच केली असणार," असं त्यांचे यजमान शेषगिरी मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. पृथ्वी गरागरा फिरते आणि तरी कुणी खाली पडत नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. वेणूबाईंचा नव्हता.

घर माध्व देशस्थांचं, सोवळ्याओवळ्याचं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कानडी. कांदालसूण कंपाउंडाच्या आत आलेली कुणाला आठवत नव्हती. पुदिनाही सासूबाई होत्या तोवर आला नाही. "त्याचा वास आपल्या स्वयंपाकातला नव्हं," असा त्यांचा निकाल होता, आणि त्या घरात सासूबाईंच्या निकालावर अपील नसे. छप्पन साली त्या गेल्या. त्याच साली धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेलं. पुढच्या वर्षी दुर्गव्वा भाजीवालीनं कोथिंबिरीबरोबर पुदिन्याची एक जुडी फुकट टाकली. वेणूबाईंनी पानांची चटणी केली आणि उरलेले चार दांडे न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर खोचले. दोन वर्षांत पुदिना न्हाणीपासून तुळशीकट्ट्यापर्यंत पसरला. "सरहद्द सरकते म्हणतात ती अशी," मास्तर म्हणाले.

पुदिन्याला वेणूबाई जेवढ्या सरावल्या तेवढ्या दुसऱ्या कशालाच सरावल्या नसतील. ज्याची काळजी करावी लागत नाही असं घरात ते एकच होतं. कापावा तेवढा वाढे. मुळं जमिनीखालून धावत आणि हातभर लांब जाऊन पुन्हा डोकं वर काढत. फक्त एक पथ्य होतं. धारवाडची जिटीजिटी, म्हणजे दिवसरात्र न थांबणारी रिमझिम, सुरू व्हायच्या आत तो जमिनीलगत कापून घ्यायचा, म्हणजे गर्दी होत नाही, पानांमधून वारा खेळतो आणि कूज धरत नाही. हे दुर्गव्वानंच शिकवलं होतं, आणि पावसात दर आठवड्याला शेंडे खुडत राहा, असंही सांगितलं होतं.

पण पावसातच तर शाकव्रत येई. आषाढी एकादशीपासून चातुर्मास, आणि चातुर्मासाच्या चार महिन्यांत चार गोष्टी सोडायच्या. पहिला महिना भाजीपाला, दुसरा दही, तिसरा दूध, चौथा डाळी. पहिल्या महिन्याचं ते शाकव्रत. पालेभाजी नाही, फळ नाही, चिंच नाही, मिरचीसुद्धा नाही. मिरी, जिरं आणि मुगाची डाळ एवढ्यावर घर चालायचं. वेणूबाई बाराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासून चाळीस वर्षं त्यांनी शाकव्रत मोडलं नव्हतं. तापात नाही, बाळंतपणात नाही. त्या महिन्यात त्या पुदिन्याच्या वाटेलाच जात नसत. हाताला वास लागला की जीभ मागते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पुदिना महिनाभर रानासारखा वाढे, थोडा कुजे, आणि श्रावणात कापला की पुन्हा हिरवागार होई. सात वर्षं हे निभावून गेलं.

चौसष्ट साली निभावलं नाही.

त्या वर्षी व्रताच्या सातव्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला आणि जावई प्रभंजन यांनी अंबूला धरून खाली उतरवलं. अंबू हे वेणूबाईंचं शेंडेफळ, हुबळीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला मुलीला सातव्या महिन्यात माहेरी आणतात. अंबू तिसऱ्यातच आली होती, आणि तिच्याकडं पाहवत नव्हतं. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोटात पाणी ठरत नव्हतं. घोट गेला की उलटी.

वेणूबाईंनी तिला दुसऱ्या बाजूनं धरलं. हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. आदल्या वर्षी अंबूला असंच झालं होतं, आणि श्रावणात, चौथ्या महिन्यात, पोटातलं गेलं होतं. आता पुन्हा तोच पाऊस आणि तोच आषाढ.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा दिवस बघू," प्रभंजन खाली मान घालून म्हणाले. "पोटात काही ठरायला लागलं तर ठीक. नाहीतर दवाखान्यात ठेवून सलाईन. पण वजन असंच उतरत गेलं तर..." ते अंबूची वळकटी उतरवायला टांग्याकडं वळले.

तरी वेणूबाईंना एक धीर होता. ज्येष्ठात अंबू दोन दिवस राहून गेली होती. तेव्हा नुकतीच मळमळ सुरू झाली होती, आणि पुदिना नि जिरं घालून उकळलेलं पाणी तेवढं तिच्या पोटात राहिलं होतं. त्यावर दोन घास मऊ भातही गेला होता. औषधानं जे होत नाही ते पुदिना करतो, हे वेणूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अंबूला पलंगावर निजवून त्या थेट मागच्या अंगणात गेल्या.

आणि तिथंच उभ्या राहिल्या.

पुदिना गुडघाभर वाढून आडवा झाला होता. खालचे दांडे काळे पडून चिकट झालेले. पान उलटं केलं की मागं तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके, बोटाला भुकटी लागत होती. त्यांनी एक दांडा उचलला, दुसरा उचलला, वाफा पार उलटापालटा केला. ज्येष्ठात कापायचा तो लेकीच्या काळजीत राहून गेला होता, आणि व्रत लागल्यावर त्यांनी तिकडं पाहिलंच नव्हतं. सगळ्या जगाची काळजी करणाऱ्या बाईनं नेमकी ज्याची करायला हवी होती त्याची केली नव्हती.

दुपारी दुर्गव्वा टोपली घेऊन आली. तिनं वाफ्याकडं बघून कपाळावर हात मारला.

"यव्वा! हे काय केलासा अक्का? कापा म्हणून सांगितलं नव्हं मी?"

"व्रत होतं गं."

"व्रत तुम्हाला की पुदिन्याला?"

वेणूबाईंनी तिच्या टोपलीत पाहिलं. दुर्गव्वाकडं पुदिना होता का? तर नाही. तिच्या गावात तळं भरून पाणी वाफ्यात शिरलं होतं. मास्तर छत्री घेऊन सुभाष रोडवर गेले, सगळा बाजार पालथा घातला आणि विजयी चेहऱ्यानं एक जुडी घेऊन आले. तो सब्जा होता. जगातल्या सगळ्या नद्या ओळखणाऱ्या माणसाला पुदिना ओळखता येत नव्हता. एरवी वेणूबाई महिनाभर हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी जुडी कोपऱ्यात ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

दुर्गव्वा मात्र चिखलात बसून एकेक दांडा चाळत होती. शेवटी तिनं नऊ शेंडे बाजूला काढले. वीतभर लांब, वरची पानं स्वच्छ, मागं ठिपका नाही. पाचशे दांड्यांत नऊ.

"हे आज उकळून दिलासा तर आज संपलं," ती म्हणाली. "हे लावलासा तर दहा दिवसांत लेकीला पुरेल एवढं येतंय. काय करायचं ते तुम्ही बघा."

वेणूबाई ते नऊ शेंडे हातात धरून बसल्या. आत अंबू ओकत होती, तो आवाज न्हाणीपर्यंत येत होता. आज द्यावं, तर उद्या काय? लावावं, तर दहा दिवस कुणी पाहिलेत? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण त्या दिवशी दुर्गव्वाला होती. "पाण्यात खोचायच्या आधी खालची पानं काढायचीच असत्यात," ती म्हणाली. "ती द्या की लेकीला. वरची राखा."

तसंच केलं. खालची पानं खुडून ओल्या फडक्यात गुंडाळली, जपून वापरली तर आठ-नऊ दिवसांची बेगमी होती. शेंडे पेराच्या खाली तिरपे कापले. अंबूबरोबर औषधाच्या रिकाम्या बाटल्या आल्या होत्या, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेल्या. एकाही औषधाचा उपयोग झाला नव्हता. वेणूबाईंनी त्या राखेनं घासून स्वच्छ केल्या, पाणी भरलं, एकेकीत दोनतीन शेंडे खोचले आणि उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा कोनाड्यात ओळीनं मांडल्या. शाकव्रतात त्यांनी पुदिन्याला हात लावला तो चाळीस वर्षांत पहिल्यांदा. काम झाल्यावर त्यांनी चिंचेनं हात धुतले, मग चिंचही व्रतात चालत नाही हे आठवून पुन्हा मातीनं धुतले.

पुढचे दिवस त्यांनी त्या कोनाड्यापुढं काढले. रोज पाणी बदलायचं, बाटली उजेडाकडं धरायची आणि पेरापाशी पांढरं काही दिसतंय का ते बघायचं. पहिला दिवस नाही, दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी एक शेंडा मान टाकून बसला आणि वेणूबाई जेवल्या नाहीत. "अगं, आठ आहेत अजून," मास्तर म्हणाले. "उद्या सात होतील," त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले. त्यांनी मास्तरांना चष्मा लावून बघायला लावलं, मग दुर्गव्वाला बघायला लावलं, आणि दोघांनी होय म्हटल्यावर मग त्यांनी मानलं. सातव्या दिवशी बोटभर मुळ्या लोंबायला लागल्या. घासलेटच्या डब्याला खाली भोकं पाडून, तांबडी माती, वाळू आणि जुनं शेणखत भरून त्यांनी ते आठ शेंडे लावले. डबा पागोळ्यांच्या आत, न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवला. दर तासाला त्या जाऊन येत. मास्तर म्हणत, बघून बघून तू त्याला दृष्ट लावशील.

पण काळजी डब्याची नव्हती. पुदिना धरत होता, अंबू धरत नव्हती. रोज सकाळी वेणूबाई चार पानं नि चिमूटभर जिरं उकळून फुलपात्रात देत. अंबू म्हणे, "ठेव, थंड झाल्यावर घेते." थोड्या वेळानं फुलपात्र रिकामं असे. आणि उलटी व्हायची ती होईच. लाह्यांचं पाणी दोन चमचे, साखरेचं पाणी दोन चमचे, एवढ्यावर पोरगी तगून होती. ज्येष्ठात जे लागू पडलं ते आता का पडत नाही? पान तांबेऱ्याचं होतं की काय? आपल्या हातून काही चुकलं की काय? की देवाच्या मनातच नाही? वेणूबाईंचं मन जे जे वाईट ते ते शोधून काढायचं, आणि अंबूचा विषय निघाला की मास्तरही थट्टा करत नव्हते. तेच जास्त भीतीचं होतं.

दहावा दिवस उजाडला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येणार होत्या. सकाळी वेणूबाईंनी डब्यातली पहिली कोवळी पानं खुडली, मोजून सहा. पाणी केलं, अंबूच्या उशाशी ठेवलं आणि ओल्या फरशीवर टाकायला गोणपाट आणावं म्हणून बाहेरून घराला वळसा घालून निघाल्या. अंबूच्या खिडकीखाली त्यांना वास आला.

त्यांनी खाली पाहिलं. जाईच्या वेलाच्या बुडाशी, ओल्या मातीत, पुदिन्याची पानं चिकटलेली होती. उकळून काळपट पडलेली. कालची, परवाची, त्याच्याही आदल्या दिवशीची. त्या वर बघतात तोच खिडकीच्या गजांतून अंबूचा हात फुलपात्र घेऊन बाहेर आला.

वेणूबाईंनी तो मनगटाला धरला.

"दहा दिवस तू हे टाकतेस?"

अंबूनं हात आत ओढून घेतला. वेणूबाई धावत आत गेल्या. फुलपात्र अजून भरलेलंच होतं. अंबू भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"मठात संकल्प केलाय आई मी," ती म्हणाली. "चारी महिन्यांचा. हे मूल जगलं पाहिजे म्हणून. पान कसं खाऊ?"

"अगं वेडे, गर्भारशीला कसलं व्रत! थांब, आचार्यांना बोलावते."

बाळाचार्य शेजारच्याच घरात राहत. गल्लीतल्या सगळ्यांच्या तिथी, श्राद्धं आणि शंका तेच निस्तरत. मास्तर त्यांना घेऊन आले. ऐकून घेऊन ते म्हणाले, "शास्त्र स्वच्छ आहे, बाळ. गर्भिणी, लेकरू, आजारी, यांना व्रत नाही. आणि हे तर औषध. निःशंक घे."

"शास्त्र मला माहीत आहे, काका," अंबू म्हणाली. तिच्या आवाजात जोर नव्हता, पण हट्ट होता. "गेल्या वर्षी हेच शास्त्र सांगून मी शाकव्रतात पेरू खाल्ला. खावासा वाटला म्हणून. आणि मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे." तिनं आईकडं पाहिलं. "तूच म्हणालीस की, आई."

वेणूबाईंना आधी काही कळेना. मग हळूहळू आठवलं. गेल्या श्रावणात हुबळीच्या दवाखान्याचा व्हरांडा. आत अंबू ग्लानीत पडलेली, आणि आपण रडत रडत म्हणतोय, "शाकव्रतात पेरू खाल्लास, मग देव तरी कशाला राखेल?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुःखात माणूस काहीही बोलतो. वेणूबाई ते संध्याकाळपर्यंत विसरल्याही होत्या. पोरगी ग्लानीत होती, पण तिनं ऐकलं होतं, आणि वर्षभर ते जपून ठेवलं होतं. वैऱ्यानं चिंतलं नसतं ते आईनं बोलून दाखवलं होतं.

त्या तशाच वळल्या. देवघरात गेल्या. पळीपंचपात्र, ताम्हन आणि तुळशीचं पान घेऊन आल्या आणि अंबूच्या पलंगापाशी जमिनीवर बसल्या.

"आचार्य, मला उदक सोडायचंय. सांगा."

"कशाचं, वहिनी?"

"चाळीस वर्षांचं शाकव्रत. बाराव्या वर्षापासून केलं ते सगळं. त्याचं जे काही पुण्य असेल ते अंबूच्या पोटातल्याला दिलं, असं सांगा."

बाळाचार्य गडबडले. "असं कुठं पाहिलेलं नाही वहिनी. शिवाय यंदाचं अजून पुरं व्हायचंय."

"ते आता पुरं व्हायचं नाही. तुम्ही सांगा."

बाळाचार्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढला होता आणि ते धोतराच्या सोग्यानं तो पुसत राहिले. मग बाळाचार्यांनी संकल्प सांगितला. वेणूबाईंनी तुळशीचं पान हातात धरून पाणी सोडलं. घाईघाईत पाणी ताम्हनात कमी आणि जमिनीवर जास्त पडलं. पाणी सुटल्यावर त्यांनी फुलपात्रात बोटं घातली, पुदिन्याचं एक पान काढलं, तोंडात टाकलं आणि चावलं.

"आई!" अंबू ओरडलीच.

"मोडलं माझं," वेणूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या पान चावत होत्या. "गेल्या वर्षी बोलले ते माझं चुकलं, अंबू. पेरूनं काही झालं नव्हतं. मी भ्याले होते, म्हणून बोलले. देवाला कुणाला धरायचंच असेल तर मला धरू दे. माझ्याजवळ होतं ते सगळं तुझ्या लेकराला दिलंय, आता तू आणखी कसलं व्रत करतेस? पी."

अंबू रडायला लागली. रडत रडतच तिनं फुलपात्र तोंडाला लावलं. एक घोट घेतला, थांबली. दुसरा घेतला. वेणूबाई घमेलं मांडीवर घेऊन समोर बसल्या. बाळाचार्य जायचं विसरून दारात उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. पाव तास झाला, अर्धा झाला. अंबूचे डोळे मिटले होते, पण ओठांना रंग आल्यासारखा वाटत होता. वेणूबाईंना खात्री होती की तो भास आहे.

पाऊण तासानं अंबूनं डोळे उघडले.

"आई, आणखी आहे का गं?"

वेणूबाई उठल्या तेव्हा घमेलं खणखणत खाली पडलं.

माघात अंबूला मुलगी झाली. त्यानंतरच्या आषाढी एकादशीला बाळाचार्य नेहमीप्रमाणे चातुर्मासाचा संकल्प सांगायला आले. गल्लीतल्या बायका पंचपात्र घेऊन बसल्या होत्या. मांडीवर नात घेऊन वेणूबाईही बसल्या. दह्याच्या महिन्याचा संकल्प त्यांनी केला, दुधाच्या महिन्याचा केला, डाळींच्या महिन्याचाही केला. शाकव्रताच्या वेळी मात्र पळी बाजूला ठेवली.

"वहिनी, हे?" बाळाचार्यांनी हळूच विचारलं.

"ते माझ्याजवळ नाही आता," वेणूबाई म्हणाल्या. "ते मी हिला दिलंय." आणि पोरीला पावसाळी वारा लागेल म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावरून पदर ओढून घेतला.